जुनी कॅम्पर घेताना: आधी आरसी, मग पाणी, मग वजनकाटा

सेकंड-हँड कॅम्पर, म्हणजे आत झोपायची-स्वयंपाकाची सोय केलेली गाडी, विकणारा माणूस तुम्हाला आधी गाडीचं आतलं दाखवतो. दार सरकवतो, निळे एलईडी लावतो, सोफा ओढून पलंग करून दाखवतो. तोवर पोरं वरच्या बर्थवर चढलेली असतात आणि निम्मा सौदा तिथंच होऊन जातो. आमचाही असाच झाला होता. आम्ही पाच जण. सासूबाईंचे गुडघे दुखतात, धाकट्याला गाडी लागते. दर सुट्टीत हॉटेलं शोधत फिरण्यापेक्षा घरच बरोबर न्यावं असं ठरलं आणि पहिली गाडी आम्ही पडदे पाहून घेतली. दोन वर्षांनी ती विकून दुसरी घेतली, तेव्हा फाईल माझ्या हातात होती आणि मी क्रम उलटा केला. आधी आरसी (गाडीच्या नोंदणीचा कागद), मग गळती, मग वजन, मग इंजिन. पडदे सगळ्यात शेवटी. इथंही त्याच क्रमाने सांगते.

कोणती गाडी, किती माणसं

कॅराव्हॅन म्हटलं की कारच्या मागे जोडून ओढायचा डबा डोळ्यांपुढे येतो. आपल्याकडे तो फार कमी दिसतो, आणि नवख्याने त्याच्या वाटेला जाऊ नये असं माझं मत आहे. ट्रेलरची नोंदणी वेगळी करावी लागते, तुमची कार तेवढं वजन ओढायला बनलेली असावी लागते, चिखलदऱ्याच्या घाटात तो मागे घ्यायची वेळ आली तर भल्याभल्यांना घाम फुटतो. शिवाय चालत्या ट्रेलरमध्ये माणसं बसवता येत नाहीत, त्यामुळे पाच जणांना कारमध्येच दाटीवाटीने बसावं लागतं. नागपूरच्या बाजारात मिळतात त्या बहुतेक गाड्या फोर्स ट्रॅव्हलरवर बांधलेल्या असतात. कंपनीचं बजाज टेम्पो हे नाव बदलून दोन दशकं झाली, तरी आपण अजून टेम्पो ट्रॅव्हलरच म्हणतो. त्याखालोखाल टाटा विंगर. नवरा-बायको आणि एक लहान मूल असेल तर मारुती ईकोवर केलेली छोटी कॅम्परही पुरते, पण तिच्यात उभं राहता येत नाही आणि पावसात दोन दिवस अडकलात तर एकमेकांचे चेहरे नकोसे होतात.

चार-पाच माणसांना ट्रॅव्हलर बरी. सुटे भाग सगळीकडे मिळतात, भंडारा-गोंदियाकडच्या छोट्या गॅरेजवाल्यालाही तिचं इंजिन ठाऊक असतं. विंगर घ्यायची असेल तर उंच छपराची आहे का ते पाहा.

बघायला जाण्याआधी घरी दोन मापं घ्या: सोसायटीच्या गेटची उंची आणि गाडी उभी करायच्या जागेची लांबी. छतावर एसी बसवला की उंची वाढते, आणि विकणारा ती धरून सांगत नाही. आम्ही उंची टेपने मोजून डॅशबोर्डवर चिकटवली आहे. लोखंडी पुलाखालून जायचं म्हटलं की सासूबाई ती मोठ्याने वाचतात.

झोपायच्या जागा मोजता तशा बसायच्या जागाही मोजा. ‘सहा जण झोपतात’ असं सांगितलेल्या गाडीत पट्ट्यासह बसायच्या जागा चारच असतात, असं मी दोनदा पाहिलं. चालत्या गाडीत बर्थवर कुणी झोपायचं नाही, आडव्या सोफ्यावर पट्ट्याशिवाय बसायचं नाही. आरसीवर जितक्या सीट लिहिल्या आहेत, तितकीच माणसं.

आरसी: गाडीच्या आधी हा कागद मागा

फोनवरच सांगा, ‘आरसीचा फोटो पाठवा, मग येतो.’ जो टाळतो त्याच्याकडे जाऊ नका. नंबर मिळाला की एमपरिवहन या सरकारी अॅपवर टाका आणि गाडीचा वर्ग काय लिहिला आहे ते बघा. सगळा खेळ या एका ओळीत आहे.

‘कॅम्पर व्हॅन / ट्रेलर (प्रायव्हेट यूज)’ असं असेल तर उत्तम. खासगी वापराची कॅम्पर नॉन-ट्रान्सपोर्ट प्रकारात मोडते, पांढरी पाटी असते. ‘ओम्नी बस (प्रायव्हेट यूज)’ असेल तर गाडी खासगी आहे, पण कागदावर अजून सीटांची बसच आहे. आतले पलंग आरटीओला माहीत नाहीत. ‘मॅक्सी कॅब’ असेल तर ती पिवळ्या पाटीची प्रवासी गाडी, कुण्या ट्रॅव्हल्सकडे राबून आलेली. तिला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी फिटनेस सर्टिफिकेट लागतं, परमिट वेगळं. ती खासगी करायची तर परमिट सरेंडर करा, कराचा फरक भरा, आरटीओची परवानगी घ्या. होतं सगळं, पण ते विकणाऱ्याने करून द्यायचं. ‘घ्या तुम्ही, मग आपला एजंट करून देतो’ या वाक्यावर एक रुपयाही देऊ नका.

हे इतकं ताणून का सांगते? मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकाच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा बदल मालकाला परस्पर करता येत नाही. जो बदल चालतो, त्याचीही नोंद आरसीवर व्हावी लागते. बेकायदा बदलाला दर बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. त्याहून मोठी अडचण विम्याची. अपघात झाला, सर्व्हेअर आला, आणि कागदावरच्या तेरा सीटांच्या जागी त्याला ओटा, सिंक आणि पलंग दिसला, की तुमचा दावा तिथंच अडकतो. इंजिन खोलून दुरुस्त होतं, पण चुकीच्या वर्गाच्या आरसीवर ऑटोमोटिव्ह चौकातला कोणताही मिस्त्री काम करू शकत नाही.

पासिंग कुठलं तेही पाहा. एमएच ३१, ४० आणि ४९ म्हणजे आपलं शहर, ग्रामीण आणि पूर्व नागपूर. यातलं असेल तर काम सोपं. नागपूरच्या आसपास एमपी आणि सीजी (मध्य प्रदेश, छत्तीसगड) पासिंगच्या गाड्याही पुष्कळ विकायला असतात आणि त्या स्वस्त वाटतात. दिल्ली-एनसीआरमध्ये दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर निर्बंध आले, त्यामुळे तिकडचाही माल इकडे येतो. परराज्याच्या गाडीला तिथल्या आरटीओची फॉर्म २८ वरची एनओसी लागते, इथं नवा नंबर घ्यावा लागतो आणि महाराष्ट्राचा कर भरावा लागतो. ती रक्कम आधी आरटीओत विचारून किमतीत धरा. मग बहुतेक वेळा स्वस्ताई उरत नाही.

त्याच बसल्या बैठकीत आणखी चार गोष्टी तपासा. आरसीवर बँकेचा बोजा आहे का? असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पुढे जाऊ नका. ई-चलन किती थकलेत? हाय सिक्युरिटी नंबर प्लेट बसली आहे का? १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांनाही ती लागते. आणि खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. ती संपायला किती राहिली? संपत आली असेल तर नूतनीकरण आणि पर्यावरण कर हा खर्च तुमच्याच गळ्यात येणार.

चासी नंबर कागदावरचा आणि चासीवर कोरलेला असे दोन्ही जुळवा, सतराच्या सतरा अक्षरं. नंबराच्या आसपास घासल्याची किंवा वेल्डिंगची खूण असेल तर चहा न पिता परत या.

पाणी: वरून आलेलं आणि खालून आलेलं

नागपूरचा उन्हाळा कॅम्परच्या छताचं काय करतो ते समजून घ्या. शहरात पारा ४७.९ अंशांपर्यंत गेलेला आहे, आणि ४४-४५ तर दरवर्षीचंच. उन्हात उभ्या गाडीचा पत्रा दिवसभर फुगतो, रात्री आकसतो. छताला एसीसाठी, हवेच्या झरोक्यासाठी, सोलरच्या पट्ट्यांसाठी जी भोकं पाडली, त्यांच्या कडेचं सिलिकॉन या ओढाताणीत तडकतं. मग मृग बरसला की पाणी तिथून आत उतरतं, पण लगेच दिसत नाही. ते प्लायच्या मागून, इन्सुलेशनमधून खाली सरकतं आणि महिन्याभराने पलंगाखाली कुबट वास येतो.

म्हणून गाडी दोनदा पाहा. जमलं तर एकदा मे महिन्यात दुपारी दोनला, एकदा पावसात. पाऊस नसेल तर विकणाऱ्याला सांगा, ‘वॉशिंग सेंटरला नेऊ, पैसे मी देते.’ वर्धा रोडला असं एक सेंटर आम्ही पकडलं होतं. पोरगा प्रेशर पंप घेऊन गाडीवर चढला. मी मोबाईलची बत्ती घेऊन आत बसले, नवरा मागच्या दाराशी. एसीच्या चौकटीभोवती दहा मिनिटं पाणी मारलं, काही नाही. विकणारा खूश. मग मी त्या पोराला म्हटलं, आता सोलरच्या पायांजवळ मार. तीन-चार मिनिटांत वरच्या कपाटाच्या कोपऱ्यात एक थेंब जमला, लांबट झाला आणि माझ्या मनगटावर पडला. त्या थेंबाने किंमत चाळीस हजारांनी खाली आली. तरी आम्ही ती गाडी घेतली नाही, कारण कपाटाची पाठ दाबली तर अंगठा आत जात होता.

अंगठा हेच खरं मीटर. छताच्या कडा, खिडक्यांचे खालचे कोपरे, सिंकखालचा तळ, चाकांवरचे खोके, सगळीकडे दाबून पाहा. लाकूड मऊ लागलं, लॅमिनेट फुगलेलं दिसलं, स्क्रू गंजलेले असले की पाणी येऊन गेलंय. कपाटं कशाची आहेत विचारा. पाण्याला टिकणारं मरीन प्लाय असेल तर त्यावर आयएस ७१० असा शिक्का कुठंतरी सापडतो. स्वस्तातलं एमडीएफ एकदा भिजलं की पाण्यात बुडालेल्या टोस्टासारखं होतं. आणि दार उघडल्या उघडल्या जोरदार परफ्यूमचा वास आला तर सगळ्या गाद्या उचलून पाहा.

आता खालून आलेलं पाणी. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी रस्त्यावर आली आणि शहरात किती गाड्या पाण्याखाली गेल्या ते आपण सगळ्यांनी पाहिलं. त्यातल्या दुरुस्त होऊन पुन्हा बाजारात आलेल्या गाड्यांवर पाटी लावलेली नसते. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, आतल्या भागात चिखलाची पिवळट रेघ आहे का बघा. सीटखालच्या रेल्स, पेडलच्या वरचं लोखंड, फ्यूज बॉक्सच्या मागची बाजू, हेडलाईटच्या आतला कोपरा बघा. विम्याचा जुना क्लेम विचारा. त्या सप्टेंबरनंतर लगेच मालक बदललेला असेल तर आणखी खोदून विचारा.

भिंतीला हात लावायचं विसरू नका. मे महिन्यातल्या त्या भेटीत आतल्या बाजूने तळवा ठेवून हळूहळू सरकवत न्या. इन्सुलेशन नीट असेल तर भिंत कोमट लागते. मध्येच एखादा उभा पट्टा चटका देतो, तिथं लोखंडी फासळी उघडी राहिली आहे. असे पट्टे दोन-तीन असतील तर चालतं. सगळी भिंतच तव्यासारखी असेल तर आत नुसतं प्लाय ठोकलंय, आणि तो एसी मे महिन्यात तुमच्या काही उपयोगाचा नाही.

वजनकाटा

ही पायरी कुणी करत नाही, म्हणून जरा थांबून सांगते.

फर्निचर करणारा सुतार घर बनवतो तशी कॅम्पर बनवतो. जाड प्लाय, ग्रॅनाईटचा ओटा (हो, मी पाहिलाय), स्टीलची टाकी. त्याला गाडीचं पासिंगचं वजन कुणी सांगितलेलं नसतं. आरसीवर दोन आकडे असतात, रिकामं वजन आणि भारासहित वजन. दुसरा आकडा ओलांडायचा नाही.

कळमना मार्केटच्या बाजूला धरमकाटे आहेत, वाडीकडे ट्रान्सपोर्टच्या पट्ट्यातही आहेत. रिकामी गाडी घेऊन जा. समजा आरसीवर भारासहित वजन ३,८०० किलो आहे आणि काट्यावर ती ३,३५० भरली. उरले ४५०. पाच माणसांचे धरा ३००. पाण्याची टाकी ८० लिटरची, म्हणजे ८० किलो. पाण्याचा हिशेब सोपा, लिटरला किलो. राहिले ७० किलो. त्यात अंथरुणं, कपडे, किराणा, खुर्च्या, सिलिंडर, पोराची सायकल. झालंच नाही का? आणि परतताना काटोलहून संत्र्यांची पेटी घेतल्याशिवाय आपण येतो का?

आणखी एक काम करा. आधी फक्त पुढची चाकं काट्यावर घ्या, मग फक्त मागची. ओटा, टाकी आणि बॅटऱ्या सगळ्या मागच्या बाजूला असतील तर मागचा एक्सल दबतो, पुढची चाकं हलकी होतात आणि हायवेवर स्टिअरिंग तरंगल्यासारखं वाटतं. आम्ही दुसरी म्हणून पाहिलेली एक गाडी आमच्या ओळखीच्या मिस्त्रीला दाखवली. तो खाली गेला आणि तिथूनच ओरडला, ‘ताई, यानं मागून एक पाटा एक्स्ट्रा टाकला ना! गाडी दबून राहिली असन, म्हणून.’ कमानीत (चाकाजवळच्या पाट्यांच्या स्प्रिंगमध्ये) नवा चकचकीत पाटा आणि बाकीचे गंजलेले दिसले की समजा, गाडी आजवर झेपेल त्यापेक्षा जास्त वाहत आली आहे.

टायरही याच भागात सांगते, कारण आमचा धडा इथलाच. पहिल्या गाडीच्या टायरांची नक्षी नव्यासारखी होती. कॅम्पर वर्षातून वीस-पंचवीस दिवस धावते, बाकीचे दिवस उन्हात उभी असते. नक्षी झिजत नाही, रबर मात्र मरतं. मे महिन्यात पेंचला जाताना देवलापारच्या अलीकडे मागचा टायर फाटला. आवाज असा आला की सासूबाईंना वाटलं सिलिंडरच गेलं. कुणाला लागलं नाही. स्टेपनी लावताना नवऱ्याने फाटलेल्या टायरवरचा चार आकडी अंक वाचला. पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष. टायर सात वर्षांचा होता. म्हणजे ‘२३१९’ असेल तर २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी कशीही असो, पाच-सहा वर्षांवरचे टायर मी बदलायचेच धरते आणि स्टेपनीसकट सगळ्यांची किंमत सौद्यातून वजा करते. समृद्धीवरून जायचा विचार असेल तर अजिबात दिरंगाई नको. नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटरचा सलग सिमेंट रस्ता उन्हाळ्यात जुन्या टायरची परीक्षाच घेतो.

इंजिन आणि चालवून पाहणं

इथं मी थोडक्यात सांगते, कारण हे काम चांगल्या मिस्त्रीवर सोपवलेलं बरं. त्याचे हजार-दोन हजार आनंदाने द्या. मात्र तो विकणाऱ्याने सुचवलेला नको.

सकाळी न सांगता लवकर पोहोचा आणि बॉनेटला हात लावा. गरम असेल तर तुमच्यासाठी गाडी आधीच चालू करून ठेवली होती. थंड इंजिन एका सेल्फमध्ये उठायला हवं. निळा धूर म्हणजे ऑईल जळतंय. पांढरा धूर थांबतच नसेल तर कूलंट आत जातंय. ऑईलचं झाकण काढल्यावर खालून भसाभस वाफ येत असेल तर इंजिनकाम जवळ आलंय. लोहचुंबक खिशात ठेवा. पत्र्यावर चिकटायला हवं तिथं नुसतं घसरलं तर खाली लांबी (पुटी) भरली आहे, गाडी ठोकलेली आहे. फायबरच्या बंपरवर ते तसंही चिकटत नाही, तिथं भांडू नका. चासीवर नवीन वेल्डिंग किंवा पाण्याची टाकी टांगायला पाडलेली भोकं दिसली तर मी पुढे जात नाही.

चालवून पाहायला रामटेक चांगलं. शहरातली गर्दी, मनसरपर्यंत हायवे, मग गडमंदिराचा चढ, असं तिन्ही एका फेरीत मिळतं. ‘डिझेल मी टाकते’ म्हटलं की विकणारे बहुधा तयार होतात. हायवेवर सरळ पट्ट्यात स्टिअरिंग सैल धरून पाहा, गाडी एका बाजूला ओढते का. चढाला एसी लावून दुसऱ्या गिअरमध्ये घ्या आणि तापमानाच्या काट्याकडे लक्ष ठेवा. उतरताना ब्रेकचा वास येतो का ते पाहा. आणि मागे कुणालातरी बसवा. कपाटांची दारं उघडतात का, भांडी वाजतात का, पलंगाचा बोल्ट करकरतो का, हे ड्रायव्हरच्या सीटवरून ऐकू येत नाही. आमच्याकडे हे काम थोरलीकडे. एका फेरीत तिने सतरा आवाज वहीत लिहिले होते.

वीज, गॅस आणि ते एक खोलीचं स्वयंपाकघर

‘एसी रात्रभर चालतो मॅडम’ हे वाक्य ऐकलं की कागद-पेन काढा. १२ व्होल्टची १०० एएच (अँपिअर-तास) बॅटरी म्हणजे १,२०० वॅट-तास. साधी लेड-अॅसिड असेल तर त्यातले निम्मेच वापरायचे, नाहीतर ती लवकर मरते. छतावरचा एसी हजार वॅट सहज खातो. अशा एका बॅटरीवर तो अर्ध्या तासाच्या वर चालणार नाही. रात्रभर एसी हवा तर मोठी लिथियम बॅटरी लागते, किंवा रिसॉर्टच्या, ओळखीच्या शेतावरच्या प्लगला जोडायची सोय लागते. ते नसेल तर दोन पंखे, जाळीच्या खिडक्या आणि झरोका. नोव्हेंबर ते फेब्रुवारी तेवढं पुरतं. इंजिन किंवा जनरेटर चालू ठेवून आत झोपायचं मात्र कधीही नाही. धुरातला कार्बन मोनॉक्साईड वासाने कळत नाही.

बॅटरी तपासायला साधा मल्टिमीटर पुरतो. चार्जिंग काढून काही तास झाल्यावर लेड-अॅसिड बॅटरी १२.६ च्या आसपास दाखवायला हवी. १२.२ म्हणजे निम्मी उतरली. मग तिच्यावर वजनदार काहीतरी लावा. मी घरून मिक्सर घेऊन गेले होते. विकणाऱ्याला आधी गंमत वाटली. खोबऱ्याची वाटी टाकून बटण फिरवलं, दिवे मलूल झाले, इन्व्हर्टरने शिट्टी मारली आणि सगळं बंद. ‘काल तर चालून राहिलं होतं,’ तो म्हणाला. असेलही.

वायरिंगचं एक खोकं उघडून पाहा. रंगाप्रमाणे ओढलेल्या वायरी, बॅटरीजवळ फ्यूज, घरच्या विजेसाठी एमसीबी आणि आरसीसीबी (जास्त भार किंवा विजेची गळती झाली की वीज तोडणारे स्विच) असलं तर माणसाने डोकं लावून काम केलंय. काळ्या टेपचे गोळे दिसले तर सगळं वायरिंग नव्याने करायचा खर्च धरा.

गॅसबद्दल मी भित्री आहे आणि तशीच राहणार. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला की तळाशी साचतो. म्हणून सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी बाहेर उघडणारं भोक हवंच आणि तो कप्पा आतल्या बाजूने बंद हवा. घरचं १४.२ किलोचं सिलिंडर गाडीत न्यायचं नाही. पाच किलोचं छोटं घ्या, त्याच्या कड्यावरचा शिक्का वाचा: ए, बी, सी, डी म्हणजे वर्षाचे चार तिमाही भाग आणि पुढे वर्ष, त्या मुदतीनंतर ते तपासणीला जायला हवं. नळीवरची तारीख पाहा, जोडांना साबणाचा फेस लावून पाहा. आम्ही आता आत फक्त चहा करतो. बाकीचा स्वयंपाक बाहेर, पत्र्याच्या टेबलावर. सावजी मसाल्याची फोडणी बंद गाडीत घालून पाहा, तुम्हीही बाहेर याल. अग्निशामक दाराजवळ हवा, आणि मुख्य दार अडलं तर निघायची दुसरी वाट पोरांनाही माहीत हवी.

टॉयलेटवरून घरोघरी वाद होतात. पक्कं बसवलेलं टॉयलेट जागा खातं, तळ सडवतं आणि ते रिकामं कुठं करायचं हा प्रश्न रोजचा. उचलून नेता येणारं कॅसेट टॉयलेट रात्रीपुरतं पुरतं, सासूबाईंची सोय होते. पाण्याची टाकी पूर्ण भरायला लावा, पंप चालवा, सिंकमध्ये पाणी सोडा आणि अर्ध्या तासाने गाडीखाली पेपर अंथरून पाहा.

भाव आणि नावावर करणं

भाव ठरवताना गाडी आणि घर वेगळं मांडा. त्याच वर्षाची, तेवढीच चाललेली साधी ट्रॅव्हलर काय भावाने जाते ते दोन-तीन ठिकाणी विचारा, तो पाया. आतल्या फर्निचरवर विकणाऱ्याने किती खर्च केला याच्याशी तुमचा संबंध नाही. मी त्याचे निम्म्याहून कमीच धरते. त्यातून टायर, बॅटरी, सिलिकॉन, वायरिंग वजा करा. आणि जवळ असलेल्या पैशातले पंधरा-वीस टक्के खर्चायला मागे ठेवा. पहिल्या दोन सहलींत ते जातातच.

इसार द्यायचा तर पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर लिहून द्या: किंमत, कोणते कागद कधी मिळणार, ते न मिळाल्यास इसार परत. उरलेली रक्कम बँकेतून द्या. दोन लाख किंवा त्याहून जास्त रोखीने घेणं आयकराच्या नियमात बसत नाही आणि तुमच्या हातात पुरावाही राहत नाही.

नाव बदलायला फॉर्म २९ विकणाऱ्याचा, फॉर्म ३० तुमचा. राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत कळवायचं असतं. विमाही १४ दिवसांत आपल्या नावावर करून घ्या. नो क्लेम बोनस विकणाऱ्याचा, तो गाडीबरोबर येत नाही, त्यामुळे हप्ता थोडा वाढेल. विमा कंपनीला आतल्या बदलांची यादी फोटोंसकट द्या आणि ती पॉलिसीत चढवून घ्या. फास्टॅग विकणाऱ्याला बंद करायला सांगा, तुमचा नवा काढा.

गाडी ताब्यात घेताना एका कागदावर तारीख, वेळ आणि किलोमीटरचा आकडा लिहा, दोघांच्या सह्या घ्या. आम्ही संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी गाडी घेतली होती. त्याच दिवशी दुपारचं सिग्नल तोडल्याचं चलन महिन्याभराने आमच्या नावावर आलं. तो कागद फाईलमध्ये होता, फोटो काढून पाठवला, आणि विकणाऱ्याने काही न बोलता पैसे भरले.

पहिली रात्र लांब जाऊन काढू नका. खिंडसीच्या आसपास, घरापासून दीड तासावर, ओळखीच्या कुणाच्या आवारात उभी करा. रात्री दोनला पंप का घरघरतो, कोणतं कपाट उघडतं, कुणाला कुठल्या बर्थवर झोप लागत नाही, ते सगळं वहीत लिहा. सकाळी तर्री-पोहे खाऊन सरळ मिस्त्रीकडे जा आणि ती वही त्याच्या हातात द्या.